मुठीतले स्क्रू

चुकीच्या शुद्धलेखनाची नि वाकड्या अक्षराची माफी असावी. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

जहाजावर नोकरीला असलेला माझा मुलगा कॉलवर कॉम्प्युटरमध्ये दिसत होता, पण आवाज येईना. म्हणून चिपळूणचा दुरुस्तीवाला बोलावला. नव्या स्पीकरचे पाचशे त्याने आधीच घेतले, तिथेच मला संशय आला. काम अर्धवट टाकून पळू नये म्हणून स्पीकर उघडताना त्याने काढलेले चारही स्क्रू मी मुठीत धरून ठेवले.

डोळे मिटून त्याने स्पीकरला कान लावला.

"वहिनी, हेडफोन कोणी काढला?"

"मीच. केर काढताना."

"मग स्पीकर बरा हाय, आत घुं घुं येतंय. कॉम्प्युटर अजून हेडफोनलाच आवाज धाडतोय."

त्याने मुलाला पुन्हा कॉल लावायला सांगितला आणि माऊस दोनदा दाबला.

"आई, ऐकू येतंय?" मुलगा म्हणाला.

"स्क्रू द्या आता," दुरुस्तीवाला हसला.

मी मूठ उघडली. स्क्रू उचलून त्याने तिथे पुरे पाचशे ठेवले.