बेडकाचा घास

मल्लेश्वरमच्या गुंडोरावांच्या घरात औषध म्हणजे सुंठ, नाहीतर तुळशीचा रस. बाजारच्या औषधात कुणी कुठे काय मिसळलं असेल सांगता येत नाही, असं म्हणून ते गोळीला हातसुद्धा लावत नसत. अशा माणसाचा मुलगा औषधांचंच शास्त्र शिकायला निघाला, म्हणजे गंमतच. जयतीर्थ त्याचं नाव. फार्माकॉलॉजी हा शब्द घरात कुणाला धड म्हणता येत नसे. आई पद्मावतीबाई, जिला सगळं घर अक्का म्हणे, ती शेजारणींना "त्याचं ते औषधाचं कॉलेज" एवढं सांगून मोकळी व्हायची.

अठ्ठावन्न साली गुंडोरावांचं हृदय थकलं. पाय सुजले, देवळाच्या पायऱ्या चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, तर हे तोंड मिटून बसले. शेवटी जयतीर्थाने समजूत घातली, "झाडाच्या पानांचा अर्क आहे, अण्णा. आपल्या तुळशीसारखाच." ते खोटं नव्हतं. अण्णा कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले, थेंब सुरू झाले आणि सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, आता हे थेंब जन्माचे, चुकवायचे नाहीत.

पुढच्या साली कॉलेजच्या नियमाप्रमाणे जयतीर्थाला वर्षभर एका औषधांच्या कारखान्यात काम करायचं होतं. त्याला तपासणीच्या खोलीत नेमलं, आणि पहिल्याच आठवड्यात टेबलावर आला तो नेमका अण्णांचा अर्क. पानं कधी जहाल निघतात, कधी मवाळ, म्हणून प्रत्येक खेपेचा अर्क बेडकावर पारखून घ्यावा लागे. बेडकाचं उघडं हृदय दोऱ्याने एका सुईला बांधलेलं असे. सुईसमोर रॉकेलच्या धुराने काळा केलेला कागद हळूहळू फिरे, आणि दर ठोक्याला काजळीवर पांढरी रेघ उमटे. अर्क सोडला की रेघा आधी उंच होत, मग विरळ, मग सपाट. सपाट झाल्या तरी लगेच उठायचं नाही, असा त्या खोलीचा दंडक होता. थांबलेलं हृदय कधी कधी आणखी एक ठोका देतं. त्याची वाट बघत बसून राहायचं. जयतीर्थ बसे, आणि तेच बसणं त्याच्या मानगुटीवर बसलं.

घरी बापलेक सोवळ्यात समोरासमोर जेवायला बसत. उघड्या अंगाच्या अण्णांच्या बरगड्यांखाली धडधड दिसे, आणि जयतीर्थाला तिथे सुई हलताना दिसे. नळ ठिबकला, अक्काने ताक घुसळलं, की त्याच्या डोळ्यांपुढे काळा कागद फिरू लागे. एखादा ठोका लांबला असं वाटलं की हातातला घास हातातच राही. त्याला फार भीती वाटत होती आणि ती सांगायला घरात कुणी नव्हतं.

चित्राहुती घालताना पानाच्या उजव्या बाजूला भाताचे इवलेसे घास ठेवतात, यमाला, चित्रगुप्ताला, सगळ्या भूतमात्रांना. एक दिवस जयतीर्थाने त्यांच्या शेवटी आणखी एक घास ठेवला. मग रोजच ठेवू लागला. अण्णांची नजर असल्या बाबतीत घारीची. पण त्यांनी पाहिलं तेव्हा त्यांचं आपोशन झालं होतं, आणि आपोशनानंतर ते जेवण संपेपर्यंत बोलत नसत. त्यांनी त्या घासाकडे नुसतं बोट केलं. सगळं जेवण त्या न विचारलेल्या प्रश्नाखाली झालं.

हात धुताना अण्णांनी विचारलं, "कुणाचा तो?"

"बेडकाचा."

देवाचं नाव घेऊन ठेवलेल्या घासाबद्दल खोटं बोलणं त्याला जमलं नसतं. त्याने सगळं सांगितलं.

"भूतमात्रांत येतोच की तो," अण्णा म्हणाले.

"येत असेल. पण याला मी मारलंय, अण्णा. तुमच्या थेंबांसाठी."

"पान म्हणालास."

"पानच आहे."

त्या दिवसापासून बाटली फळीवर तशीच राहिली. पाय पुन्हा सुजले. उताणं निजलं की श्वास अडे, म्हणून अण्णा भिंतीला टेकून बसत. अक्का थेंबांची वाटी पुढे करून "स्वल्प घ्या हो" म्हणायची, ते मान फिरवत. आपल्या एका घासाने बाप मरतोय हे जयतीर्थाला दिसत होतं.

"मी कॉलेज सोडतो," तो म्हणाला. "तुम्ही थेंब घ्या."

"तू सोडलंस तर दुसरा बसेल त्या सुईपुढे. बेडकाला काय फरक?" मग दम खाऊन म्हणाले, "तो कागद आण. बघू दे मला."

त्याने काजळी पुसली जाऊ नये म्हणून लाखेने पक्का केलेला एक कागद आणला. अण्णांनी पांढऱ्या रेघांवरून बोट फिरवत नेलं आणि त्या सपाट झाल्या तिथे थांबवलं.

"इथे?"

"हो."

"मग काय करतोस?"

"बसून राहतो. कधी कधी आणखी एक ठोका येतो."

"उठत नाहीस ना लगेच?"

"नाही."

"उठू नकोस कधी." एवढं बोलून त्यांनी कागद परत दिला.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या पानाशेजारीही एक जास्तीचा घास होता. जेवण झाल्यावर त्यांनी वाटीसाठी अक्कापुढे हात केला.

जयतीर्थाने वर्ष पुरं केलं, पास झाला, पुढे त्याच कॉलेजात शिकवू लागला. मुलांना वाटे, सर फार कडक आहेत, रेघ सपाट झाली तरी कुणाला हलू देत नाहीत. घरी दोन पानांशेजारी ते दोन घास रोज पडत राहिले.

सहासष्ट साली एका दुपारी अण्णा गेले. जयतीर्थाची बोटं त्यांच्या मनगटावर होती. आधी जोरात, मग विरळ, मग काही नाही. ती लय त्याला पाठ होती, त्यामुळे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. डॉक्टर येऊन, बघून, मान हलवून गेले. शेजारचे तुळशीपत्र घेऊन आले, दारात माणसं जमली. तो मनगट सोडेना.

"जया, हात सोड रे," अक्का म्हणाली.

"थांब, अक्का. लगेच उठायचं नाही."

दारातल्या माणसांना अक्काने हातानेच थांबायला सांगितलं आणि ती त्याच्या शेजारी बसली.