टाळूवरचं काजळ

भाव नसल्यानं कापूस घरातच पिवळा पडत होता, त्या वर्षी मुलगी पाहायला आम्ही वणीला गेलो. माझ्या टाळूवरचं टक्कल झाकायला भाऊजींनी एरंडेलात काजळ कालवून फासलं होतं. मेला तो वास! उन्हानं ते वितळून मानेवर ओघळत होतं, आणि मला माझीच किळस येत होती.

मुलीचे वडील कापसाचे व्यापारी. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून वजनासाठी तळाशी दडवलेला ओला कापूस ओळखणारे. मी पाया पडलो. त्यांनी आशीर्वादाला डोक्यावर हात ठेवला, मग काळाकुट्ट तळवा उजेडात धरून नीट पाहिला. आत मुलगी पोह्यांच्या बशा भरत होती.

"पोरी, पोहे राहू दे," ते ओरडले. "साबन आन."