आई हिरवी आहे

माझा धाकटा भाऊ रोज दुपारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, "आई हिरवी आहे." पुढे अंगठा. बाहेरच्या कुणी वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, यांची आई म्हणजे वालाच्या शेंगा. आम्हाला मात्र अर्थ ठाऊक होता. आईचं उजवं मनगट मोडलं होतं, हात प्लास्टरमध्ये होता आणि हॉस्पिटलच्या ॲपवर तिच्या नावापुढे एक टिकली दिसायची. हिरवी म्हणजे पेशंट ठीक, पिवळी म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे डॉक्टरांनी ताबडतोब बघावं. आई पहिल्या दिवसापासून हिरवी होती. मी भिवंडीत माझ्या घरी बसून तो मेसेज बघायचे, खाली जोडलेले हात टाकायचे आणि कामाला लागायचे.

मनगट मोडलं ते भावाच्या हौसेपायी. आमचं गाव भिवंडीबाहेर, शेलार गावाच्या पुढे. शेतं होती तिथे आता गोडाऊनं आहेत आणि गोडाऊनांच्या भाड्यावर भावाने बंगला बांधला. बाथरूमला त्याने अशा लाद्या बसवल्या की त्यात तोंड बघून भांग पाडावा. आई त्यांवरून सटकली, पडताना उजवा हात टेकला आणि मनगट गेलं. भावाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण लाद्या अजून तशाच आहेत, कारण त्या इटालियन आहेत.

आईचा उजवा हात ही साधी गोष्ट नव्हती. गावात कुणाच्याही घरी लग्नाची हळद असली की तांदळाच्या भाकऱ्यांसाठी आईला बोलावणं यायचंच. थापलेली भाकरी ती तळहातावर अलगद उचलून तव्यावर टाकायची, कड म्हणून कुठे फाटायची नाही. शिवाय जेवण. तिच्या मते चमच्याने जेवतात ते एकतर साहेब लोक, नाहीतर मरणाला टेकलेले. हात पूर्वीसारखा व्हावा एवढंच तिचं मागणं होतं, आणि माझंही.

कशेळीकडे जाताना ट्रकांच्या रांगेत नवंकोरं हाडांचं हॉस्पिटल लागतं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं की उगाच खेपा घालायची गरज नाही. सिस्टीम रोज फोन करून पेशंटची चौकशी करेल, उत्तरांवरून टिकलीचा रंग ठरेल आणि गरज पडली तरच बोलावणं येईल. भाऊ एवढा खूश झाला की जणू सिस्टीम त्यानेच शोधली. "ताई, आता सगळं डेटावर चालतं," असं तो मला म्हणाला. त्याला डेटा म्हणजे मोबाईलचं रिचार्ज एवढंच माहीत होतं.

फोन जेवणाच्या सुमारास यायचा. पलीकडून एका मुलीचा गोड आवाज, अर्थात मशीनचा. एकदा मी भावाला व्हिडिओ कॉल केला असताना आईला तो फोन आला, आणि तिचा स्पीकर चालू असल्याने मला सगळं ऐकू आलं.

"नमस्कार! मी तुमची हाडांची मैत्रीण बोलतेय. आज हात दुखतोय का? हो किंवा नाही म्हणा."

"न्हाय गो बाय, बरा हाय."

"तुमच्या बोटांना सूज आहे का?"

"न्हाय. तू जेवलीस का?"

"माफ करा, मला समजलं नाही. बोटांना मुंग्या येतात का?"

"न्हाय गो. तुझा गाव कंचा?"

"माफ करा, मला समजलं नाही."

"लाजते पोर," आई भावाला म्हणाली. मी पोट धरून हसले.

हसण्यासारखंच होतं ते. ज्या शहाण्यांनी ही सिस्टीम बनवली, त्यांनी आमच्या गावातल्या एकाही म्हातारीला उभ्या आयुष्यात "कशी आहेस" असं विचारलेलं नसणार. आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर एकच, "बरा हाय." अंगात ताप असो, दाढ ठणकत असो, बरा हाय. दुखणं सांगायचं ते ओट्यावर बसून, चहा झाल्यावर, आणि समोरचीने आधी तिचं सांगितल्यावर. फोनवर, परक्या पोरीला, ओळख ना पाळख, पहिल्याच वाक्याला रडगाणं लावायचं? तशा बाईला आमच्याकडे नादान समजतात. मशीनने तो नकार खरा धरला आणि टिकली हिरवी केली.

भावजयीने भावाला दोनदा सांगितलं होतं, "अहो, आईंची बोटं फुगलीत." त्याने दोन्ही वेळा मोबाईल तिच्या डोळ्यांपुढे धरला. आईचा हात शेजारच्या खोलीत होता, पण तो बघायला उठावं लागलं असतं.

एका सकाळी मी पापलेटं घेऊन गावी गेले. आई हात उशीवर ठेवून पडली होती. प्लास्टरच्या बाहेर आलेली बोटं तट्ट फुगलेली, निळसर आणि गार. मी तर्जनीला चिमटा काढला.

"कळतं का?"

"बरा हाय गो."

"आई, कळतं का ते विचारतेय."

"न्हाय," ती हळूच म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाचं गुपित फोडत होती.

मी तिला उठवून बसवलं. भावाला गाडी काढायला लावली. त्याने गाडी सुरू करण्याआधी ॲप उघडून बघितलं. मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हॉस्पिटलमध्ये काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन बघितली आणि आम्हाला पुढच्या आठवड्याची तारीख सांगितली.

"अहो, हिची बोटं बघा."

तिने बघितली. चेहरा पडला तिचा. तरी म्हणाली, "मॅडम, मला दिसतंय. पण पेशंट ग्रीन आहेत. ग्रीन पेशंटला आज आत सोडता येत नाही, सिस्टीम नंबरच देत नाही. नवीन फ्रॅक्चर असेल तर लगेच घेता येईल."

"करू का एक?" मी विचारलं. माझी नजर भावाकडे होती.

मग तिने उपाय सुचवला. ती इथून आईला चौकशीचा फोन लावेल. आईने फक्त "दुखतंय" म्हणायचं, की टिकली लाल. एवढं सोपं. आईचा मोबाईल तिच्या पिशवीत वाजला, मी उचलून तिच्या कानाला लावला आणि स्पीकर सुरू केला.

"नमस्कार! मी तुमची हाडांची मैत्रीण बोलतेय. आज हात दुखतोय का?"

"आई, हो म्हण," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं, सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, पदर सावरला. "न्हाय गो बाय. बरा हाय."

बाकावर पायाला प्लास्टर घातलेला, यंत्रमागावर काम करणारा एक लूमवाला होता. तो ओरडला, "अम्मा, बोलो ना दर्द है! झूठ काहे बोल रही हो?" त्याच्या शेजारच्या बाईनेही री ओढली, "आजी, सांगा, दुखतंय सांगा!" अख्खं वेटिंग आईला दुखायला लावत होतं आणि आई ओठ मिटून बसली होती. "सगल्यांम्होरं त्या पोरीला कशाला तरास?" ती मला कुजबुजली. लूमवाल्याने कपाळावर हात मारला.

मी मोबाईल हिसकावला. "दुखतंय! सूज आहे! मुंग्या नाहीत, कारण बोटं मेलीत!"

"हे ऐकून वाईट वाटलं," हाडांची मैत्रीण म्हणाली.

पुढच्याच क्षणी आतलं दार उघडलं. डॉक्टर हातात टॅब घेऊन बाहेर आले आणि विचारू लागले, "रेड कोण आहे? रेड कोण आहे?" काचेच्या दारातून आई त्यांना केव्हाची दिसत होती. मी आईचा हात वर धरला.

त्यांनी करवतीने प्लास्टर फाडलं तेव्हा आईने डोळे मिटून घेतले. आत पट्टीचे वळ खोल रुतले होते. डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला. माणूस वाईट नव्हता, हे मला मान्य करावं लागेल.

"आजी, एवढं दुखत होतं तर सांगितलं का नाही?"

"तुमी इचारला कवा?" आई म्हणाली. "ती पोर इचारायची. तुमी इचारला असता तं सांगला असता."

डॉक्टरांनी टॅब बाजूला ठेवला आणि आईची बोटं एकेक करून दाबून बघितली.

मनगटाचं हाड जुळलं, अगदी सरळ जुळलं. बोटांचं तसं झालं नाही. अंगठा आणि करंगळी हलायला लागली, मधली तीन पुरती वळेचनात. प्लास्टर घट्ट होऊन जास्त दिवस गेले, असं डॉक्टरांनी सांगितलं. व्यायामासाठी त्यांनी दुसरं एक ॲप दिलं. हळदीला भाकऱ्यांसाठी बोलावणं येणं हळूहळू बंद झालं. बायका म्हणतात, आता तुम्ही नुसतं बसा, मान तुमचाच. आईला त्या मानाचा राग येतो, आणि मला तिच्याहून जास्त.

परवा मी गावी गेले होते. जेवायला बसलो आणि तिला फोन आला. पलीकडून तोच आवाज: तुमचे उपचार पूर्ण झाले आहेत, आमची सेवा कशी वाटली, एक ते पाचमधला आकडा दाबा, पाच म्हणजे उत्तम.

"एक दाब," मी म्हणाले.

"येडी हायेस का? पोरीची नोकरी जायाची." उजव्या हाताचं बोट वळेना म्हणून तिने डाव्या हाताने पाच दाबला आणि मोबाईल बाजूला ठेवला. मग ताटातला चमचा उचलला आणि थांबली, कारण तिच्या पापलेटातले काटे माझे अजून काढून झाले नव्हते.