कंदिलाच्या काचेतून डुरकताना

साठच्या दशकाच्या सुरुवातीला, पीएच.डी. करत असताना, मी जर्मनीत बाड हॉम्बुर्ग गावाच्या वरच्या अंगाला, जंगलालगत, एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरी भाड्याने राहत होतो. घरमालक शिकारी होते. सप्टेंबर सरत आला की तिकडच्या सांबराएवढ्या तांबड्या हरणांचे नर खाणं सोडून माद्यांच्या कळपाभोवती फिरतात आणि डुरकतात. दुसऱ्या नराचा आवाज आला की भांडायला धावतात. म्हणून शिकारी तसाच आवाज काढून त्यांना बोलावतात. आमचे मालक त्यासाठी जुन्या कंदिलाची काच तोंडाला लावत.

त्या वर्षी ऐन हंगामात त्यांचा घसा बसला.

"तुम्ही अंघोळ करताना गाता," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुम्हीच चला."

मी जन्माचा शाकाहारी. पण नुसतं डुरकण्यात कसलं पाप, असं मनाला समजावलं आणि दोन दिवस तळघरात सराव केला. मालकीणबाईंनी वरून विचारलं, "कुणाच्या पोटात दुखतंय का?"

तिसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही मचाणावर बसलो. सगळीकडे धुकं. मी डुरकलो. समोरच्या झाडीतून लगेच उत्तर आलं.

मालकांनी माझा दंड दाबला. "म्हातारा आहे. छातीतून येतोय आवाज."

मी पुन्हा डुरकलो. उत्तर आणखी जवळून आलं. अर्धा तास हे चाललं आणि मग तो नर मध्येच खोकला. तो सिगारचा खोकला मी पूर्वी दर रविवारी कॉफीच्या टेबलावर ऐकला होता. मालकीणबाईंचे भाऊ. शेजारचं शिकारीचं रान त्यांचं. हद्दीवरून वाद झाल्यामुळे ईस्टरपासून दोघा मेहुण्यांत अबोला होता.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी जमेल तितकं उर्मटपणे डुरकलो.

धुक्यातून मेहुणे बाहेर आले. खांद्याला बंदूक, तोंडाला बैलाचं शिंग.

"तू?" मालक म्हणाले.

मेहुण्यांनी शिंग खाली घेतलं. "आवाज मात्र सुरेख काढलास."

"माझा नाही, यांचा. भारतातले आहेत." जणू आमच्याकडे सगळेच डुरकतात.

तेवढ्यात मचाणामागे काटक्या मोडल्या. खरा नर सहा माद्या घेऊन पायवाट ओलांडत होता. त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. बंदूक उचलायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

घराकडे उतरताना माझा शेवटचा सूर लांबला होता की नाही, यावर दोघे वाद घालत राहिले. फाटकाशी मालकांनी मला बजावलं, "हे घरात कळता कामा नये."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं मी म्हणालो आणि थेट स्वयंपाकघरात गेलो. मालकीणबाई पाव कापत होत्या. त्यांना सांगायला मला नाश्त्यापर्यंतही दम धरवला नाही.