आईची कॅसेट
सनई वाजली की मला लग्नाच्या मांडवात बसवत नाही. इतिहासाच्या आमच्या सरांनी गावातल्या चर्चची हकिकत टेप केली होती. सांगणारी माझी आई. पोरवयात तिनं त्या भिंतींचे दगड डोक्यावर वाहिलेले. “जपून ठिवा बरं सर, माज्यामागं सांगायला कुनी न्हाई.” सरांनी शब्द दिला. पुढं आई गेली, सरही गेले. त्यांचे कागद कॉलेजात आले, तेव्हा मी कॅसेट मागून लावली. वर सरांच्याच अक्षरात आईचं नाव आणि आत त्यांच्या मुलीच्या लग्नातली सनई! आईच्या आवाजावरच टेप केलेली. शेवटी सनई थांबली आणि आई बोलली, “चहा घ्या की सर, गार व्हायलाय.” सरांनी तो बशीत ओतून चवीनं प्यायलेला मला आजही दिसतो.