करंजाच्या बुंध्याशी

अण्णा स्वतः मल्लेश्वरमला माझ्या दारी आले, तेव्हाच मला संशय आला. चामराजपेटेतलं आपलं रंगाचं दुकान भरदुपारी सोडून ते कुठे जात नसत. "अक्का गेली," एवढंच म्हणाले आणि जिन्यातच बसले... त्याला आता महिना होईल.

लीलाअक्का त्यांची थोरली बहीण. शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवायच्या आणि भावाच्या दुकानावरच्या खोलीत राहायच्या. रविवारी मुलांना झाडं दाखवत हिंडायच्या. नाव शेवटी सांगत. आधी बुंध्याशी उकिडवं बसवून माती हुंगायला लावत. "झाड आपणहून सहसा वाळत नाही रे. कुणाला नकोसं झालंय ते बघा." खिळे, सोललेली साल, मुळांवर ओतलेलं सिमेंट... मुलं पोलिसांसारखी बघायला लागली. मला ते पटत नसे.

"अक्का, इतका संशय कशाला शिकवता?"

"मनात ठेवला तर वाईट, मास्तर. त्या माणसासमोर जाऊन विचारायचं. आमचा नियमच आहे."

मग एका उन्हाळ्यात दुकानासमोरचा करंज, इथे बंगळुरात ज्याला होंगे म्हणतात तो, एका बाजूने वाळू लागला. मुलं बसली, वाकली. सुधा नावाची चिमुरडी उठून म्हणाली, "अक्का, अण्णांच्या दुकानाचा वास येतोय."

टर्पेंटाइन. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांचं छप्पर त्याच भावाचं होतं.

"मला काय सांगता? आत जा, विचारा."

अण्णा हसले. "ब्रश धुताना स्वल्प सांडलं असेल."

"रोज तिथंच सांडतं?" सुधाने विचारलं.

"पोरांना माझ्यावर सोडतेस, अक्का?"

"त्यांनी विचारलंय. त्यांना सांग."

अण्णा पुटपुटले, "बोर्ड दिसत नाही फांद्यांमुळे."

"मग बोर्ड खाली घ्या की!" सुधा म्हणाली.

बोर्ड खाली आला, बुंध्याची माती बदलली गेली. वरच्या खोलीतली पेटी मात्र अक्कांनी कित्येक महिने बांधूनच ठेवली होती, कारण भाऊ बोलत नव्हता. त्याने जा म्हटलं नाही, ह्यांनी विचारलं नाही...

परवा गेलो होतो. करंजाला नवी पालवी होती आणि बुंध्याची माती ओली दिसली. इकडे तिकडे बघून मी हळूच वाकलो.

"हुंगा, हुंगा," गल्ल्यावरून अण्णा म्हणाले. "शेवटपर्यंत रोज सकाळी हुंगायची ती. मग आत येऊन माझ्यासोबत कॉफी घ्यायची."

नुसत्या पाण्याचा, मातीचा वास होता. तरी मी पुन्हा एकदा वाकलो.