पंचवीस खुर्च्या आणि एक हजेरीचा कागद

सांगते, पण एका अटीवर. आमचे सलीमभाई कधी भेटले तर त्यांच्यासमोर हा विषय काढायचा नाही. अजूनही आठवलं की तोंड कुठे लपवू असं होतं मला!

दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात मी एचआर बघते. मध्यंतरी तिघांना नारळ दिला गेला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. बॉस म्हणाले, "मॅडम, लोगों को थोडा मोटिव्हेट करो." आता मी नुकताच ध्यानाचा ऑनलाइन कोर्स केलेला. चांगला दोन दिवसांचा! मग काय, अंगातच आलं माझ्या.

लगेच मेल टाकला. रोज सकाळी साडेसातला ध्यान. अगदी ऐच्छिक, मनापासून वाटेल त्यांनीच यावं. आणि दाराशी हजेरीचा कागद ठेवला. एचआरच्या बाईला हजेरीशिवाय ध्यान तरी कसं लागणार?

पहिल्याच दिवशी पंचवीसच्या पंचवीस हजर! दुसऱ्या दिवशी अकाउंट्सचा एकजण चक्क तापात आला.

"अरे, घर पे आराम करना था ना!"

"नो नो मॅडम, मेडिटेशन मिस नहीं करूंगा."

मला भरूनच आलं हो. केवढी ही ओढ! मी संध्याकाळचीही बॅच सुरू केली. तीही फुल!

पण सगळ्यांत पोचलेले म्हणजे सलीमभाई. मूळचे रत्नागिरीकडचे, शिपिंगची कागदपत्रं बघणारे, रोज शारजाहून येणारे. मी 'श्वास आत' म्हणायचा अवकाश, यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! मी बॉसना सांगितलं, "सर, कोर्समें बताते हैं ना, वही अवस्था है!" झालं. बॉसनी फर्मान काढलं, गुरुवारी सलीमभाई सगळ्यांसमोर अनुभव सांगणार.

बुधवारी सलीमभाई माझ्या केबिनमध्ये आले. दार हळूच लोटलं.

"ताई, माझं नाव यादीतून काढाल काय?"

"कसली यादी?"

"घरी पाठवायची. तुम्ही दाराशी रोज नावं घेता ना? जो चुकेल त्याचा व्हिसा रिन्यू होणार नाही, सगळेच बोलतात. माझा पुढच्या महिन्यात संपतोय. म्हणून तर मी एकदाही चुकवलं नाही. तरी उद्या सगळ्यांसमोर उभं करताय, म्हणजे माझं नाव लागलंच असणार."

तरी विचारलंच. "आणि ते डोळ्यांतलं पाणी?"

"मुलगी चौथीत आहे माझी. रोज तिला शाळेच्या बसपर्यंत सोडायचो. वाटेत पाढे म्हणून दाखवायची. आता मी निघतो तेव्हा ती झोपलेली, आणि दोन्ही बॅच करून ट्रॅफिकमधून पोचतो तेव्हाही झोपलेली. डोळे मिटले की तीच दिसते." मग मला वाईट वाटू नये म्हणून घाईघाईने म्हणाले, "बाकी तुमचं ध्यान चांगलं आहे हो!"

लाज वाटली. खरंच वाटली. त्या तिघांची पत्रं माझ्याच सहीने गेली होती, हे ऑफिसात सगळ्यांच्या लक्षात होतं. फक्त माझ्या नव्हतं. आणि सलीमभाईंच्या रिन्यूअलचे कागद तर मी आठवड्यापूर्वीच व्हिसाचे अर्ज भरणाऱ्या टायपिंग सेंटरला पाठवले होते! माणसाला रोज श्वास घ्यायला शिकवत होते, पण एवढं एक वाक्य सांगायचं मला सुचलं नव्हतं.

ते तिथल्या तिथे सांगितलं. मग बाहेर आले, सगळ्यांसमोर हजेरीचा कागद फाडला आणि म्हटलं, "खलास! कोई लिस्ट नहीं है. कुणाचाही व्हिसा अडलेला नाही. यायचं त्यांनीच या."

दुसऱ्या दिवशी साडेसातला पंचवीस खुर्च्या आणि मी. चिटपाखरू नाही! बसले डोळे मिटून एकटीच.

नऊला मंडळी हसत-खिदळत आली. सलीमभाई तर शीळ घालत होते. अनुभवकथनाची आठवणसुद्धा कुणी काढली नाही. बॉस खूश होऊन केबिनबाहेर आले.

"वा मॅडम! आज सब इतने फ्रेश? कौनसा नया मेडिटेशन कराया?"

"सर, आज मैं अकेली बैठी थी."

"एक्सलंट! बस, यही रोज कंटिन्यू करो!"